राखणीच्या कुत्र्याला नाव नसतं

आत्यांनी पिल्लाला मानगुटीला धरून वर उचललं, तसा वासंतीताईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अहो आजी! काय करताय? खाली ठेवा त्याला!"

"थांबा वो बाई, जरा बघू तर द्या."

पिल्लू हवेत लोंबकळत होतं आणि मुकाट्यानं चहूकडं बघत होतं. आत्यांनी दुसऱ्या हातानं त्याचा जबडा उघडून आत डोकावून पाहिलं, मग एकेक पाय धरून नख्या मोजल्या. बाकीची पिल्लं खालून त्यांच्या लुगड्याचा काठ ओढत होती.

"उचललं तरी वरडलं न्हाय. टाळू काळी हाय. ईस नख्या हाईत, इसनखी हाय," आत्यांनी निकाल दिला. "रत्ने, हेच न्यायचं."

"आजी, तुम्ही काय बाजारात वांगी निवडताय?" वासंतीताई म्हणाल्या.

"वांग्यावर इतका येळ कोन घालवतंय," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी पिल्लू माझ्या ओटीत टाकलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं माणदेशात सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. माझं लग्न नवं होतं, नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचा आणि घरात आम्ही तिघं आणि शेळ्यांचा कळप. त्या साली लांडग्यानं आमची करडं उचलायचा सपाटा लावला होता. आमचं म्हातारं कुत्रं थंडीत गेलं, आणि आसपासच्या वाड्यांवरची सगळी पिल्लं कसल्याशा रोगानं मेली. मामा कळप विकून टाकायची भाषा बोलायला लागले होते. मी फलटणच्या शिंप्यांच्या आळीत वाढलेली, शेळीला कुठल्या बाजूनं धरावं तेही मला येत नव्हतं. पण मोबाइल येत होता. त्यावरच मला दिसलं, की शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या संस्थेत एका मेंढपाळाच्या कुत्रीची पिल्लं आलीत, आई हमरस्त्यावर गाडीखाली गेली. मी आत्यांना एसटीत बसवलं आणि घेऊन गेले.

"एक गोष्ट आधीच सांगते," वासंतीताई म्हणाल्या. संस्था त्याच चालवत होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कुर्त्यावर मात्र जागोजागी कुत्र्यांचे केस. "मी राखणीला कुत्रं देत नाही. चांगल्या घरी दत्तक देते."

"दत्तक?" आत्यांनी डोळे मोठे केले. "अवो, आमची काय इस्टेट हाय व्हय?"

मी त्यांना कोपरानं ढोसलं. "राखणीला नकोच आहे, ताई. आम्हाला आवड आहे म्हणून."

"झोपणार कुठे हा?"

"घरात. गादीवर."

माझ्या रुखवतातली गादी अजून प्लॅस्टिकमधून बाहेर निघाली नव्हती. आम्ही सगळे घोंगडीवर झोपायचो.

"रानात मोकळा सोडणार?"

"छे! उन्हात कशाला न्यायचं त्याला?"

"तुमच्या भागात लांडगे आहेत का?"

"मी तर कधी ऐकलं नाही," मी म्हणाले, आणि आत्यांना ठसका लागला.

वासंतीताईंनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "दर महिन्याला मला फोटो पाठवायचा. मी कधीही भेटायला येईन. हाल दिसले तर घेऊन जाईन. आणि मी खरंच घेऊन जाते, विचारा कुणालाही. याचं नाव ब्रूनो." त्यांनी आपलं कार्ड पुढं केलं. मी हात पुढं करायच्या आत आत्यांनी ते घेऊन पानाच्या चंचीत कोंबलं.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "किती खोटं बोललीस गं?"

"सगळंच."

"बरं बोललीस," म्हणून त्यांनी मला चंचीतलं पान दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

घरी आल्याबरोबर त्यांनी पिल्लाला उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. थेट वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत जिथं शेळ्या बसतात तिथं नेलं. चंद्री नावाची आमची शेळी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं करडू आठवड्यापूर्वीच लांडग्यानं नेलं होतं. कासेला दूध दाटलेलं आणि ती दिवसभर बेंबटत फिरायची. आत्यांनी तिचं दूध काढून पिल्लाच्या अंगाला शेपटीपर्यंत चोळलं, वर वाडग्यातली माती चोळली आणि त्याला तिच्या कासेखाली धरलं. चंद्रीनं हुंगलं, एक लाथ घातली, परत हुंगलं. चौथ्या-पाचव्या वेळेला तिनं लाथ घालायचं सोडून दिलं आणि त्याची पाठ चाटायला लागली. मी पदर डोळ्यांना लावला.

"रडाय काय झालं?" आत्या म्हणाल्या. "आता दोघांनीबी ऐका." हे माझ्यासाठी आणि मामांसाठी होतं. "ह्येला कुनी हात लावायचा न्हाई. घरात घ्यायचं न्हाई. मानसाची चटक लागली की कुत्रं शेरडात ऱ्हात न्हाई, उंबऱ्यात येऊन झोपतंय. आन् नाव ठिवायचं न्हाई."

"नाव का नाही?" मी विचारलं.

"राखनीच्या कुत्र्याला नाव नसतं. नाव ठिवलं की हाकंला येतंय, आन् हाकंला आलं की शेरडं सोडतंय."

मला हे पटलं. पुढचे दोन दिवस मी ते पाळलं.

तिसऱ्या दिवशी मी वाडग्यात लेंड्या झाडायला गेले तेव्हा ते पिल्लू चंद्रीच्या पोटाशी उताणं पडून झोपलं होतं आणि त्याचं पोट वर-खाली होत होतं. असल्या पोटाला हात न लावणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. मी आजूबाजूला बघून खाली बसले. हळूच 'लाडू' म्हणून हाक मारली. त्यानं झोपेतच शेपूट हलवली.

एकदा मी गवत टाकायला गेले तर मामा वाडग्याच्या कोपऱ्यात पाठमोरे बसलेले. मांडीवर पिल्लू, आणि मामा त्याला सांगत होते, "काय म्हंतोस पाटील? आज पाऊस न्हाई म्हंतोस?"

"मामा!"

मामा दचकून उठले. "गोचिड्या बघतुया," ते म्हणाले. "लई गोचिड्या झाल्यात ह्याला."

त्या दिवसापासून आमच्यात समझोता झाला. आत्या पाण्याला गेल्या की आम्ही दोघं आळीपाळीनं गोचिड्या बघायचो. इतक्या निगुतीनं तपासलेलं कुत्रं पंचक्रोशीत नसेल.

महिन्याच्या महिन्याला फोटोचं संकट असायचंच. त्या दिवशी माझी रुखवताची गादी बाहेर निघायची, टीव्हीच्या कपाटापुढं अंथरली जायची, आणि पिल्लाला आंघोळ घालून वर बसवलं जायचं. आत्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या. "आवर लौकर. चटक लागंल त्येला." मी फोटो काढायची, वासंतीताईंना पाठवायची, आणि तिकडून लाल बदामांची रांग यायची. अडचण एवढीच होती की पिल्लू घरात आणलं की चंद्री दारात येऊन उभी राहायची, आणि कितीही हाकललं तरी फोटोच्या कडेला कुठंतरी एखादा कान, नाहीतर शिंगाचं टोक यायचंच. एकदा मी फोटो नीट घेण्याच्या नादात होते आणि तिनं गादीचा कोपरा कुरतडला. मी म्हटलं, वासंतीताई काय इतकं बारीक बघणार आहेत.

वर्ष व्हायला आलं तोवर त्याचं वासराएवढं धूड झालं होतं. कळपाबरोबर माळावर जायचं, कळपाबरोबर यायचं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात धाकधूक होती. ते कुणावरही भुंकत नव्हतं. पोस्टमन आला तरी जाऊन त्याच्या हातात डोकं द्यायचं. आमच्या लाडानं कुत्रं वाया गेलं असणार, असं मला वाटायचं, आणि मामांनाही वाटत असावं. पण बोलणार कोण?

मग एका दुपारी आत्या आणि मी कळप घेऊन ओढ्याच्या काठाला होतो. शेळ्या बाभळीच्या शेंगा खात होत्या. एकाएकी सगळ्यांनी माना वर केल्या. पलीकडच्या काठावर लांडगा उभा होता, भर उन्हात, काही घाई नसल्यासारखा. एक करडू पाण्यापाशी एकटंच राहिलं होतं. लांडगा खाली उतरला. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात आमचं हे धूड माझ्या शेजारून गेलं आणि करडाच्या आणि लांडग्याच्या मधे जाऊन उभं राहिलं. पळालं नाही, पाठलाग केला नाही, नुसतं उभं राहिलं. लांडगा अंगावर आला. दोघांची झोंबाझोंबी झाली, धूळ उडाली, आत्या दगड घेऊन ओढ्यात उतरल्या. आणि मग लांडगा निघून गेला. आमच्याकडं वळून आलं ते कुत्रं, डावा कान फाटलेला, आणि येऊन पहिल्यांदा त्यानं करडाला हुंगलं.

मी नाचायचीच बाकी होते. कळप विकायची भाषा आता संपली, हे मला दिसत होतं. आत्या मात्र घरी येईपर्यंत कळपाच्या पुढं नाही, कुत्र्याच्या मागून चालल्या. कानाला हळद लावली आणि न जेवता आडव्या झाल्या. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

आणि दोन दिवसांनी वासंतीताईंचा निरोप आला: "गुरुवारी येते आहे. ब्रूनोला बघायचं आहे."

फाटका कान घेऊन त्यांच्यापुढं बसवायचं म्हणजे आपणच कुत्रं त्यांच्या गाडीत घालण्यासारखं होतं. गुरुवारी सकाळी मी घर सारवलं, गादी काढली, कुरतडलेल्या कोपऱ्यावर उशी ठेवली. मामांना म्हटलं, "कळप लांब न्या. अगदी टेकडीच्या पलीकडं. शेळीचा आवाजसुद्धा यायला नको." आत्यांना काही करायला सांगितलं तर त्या नुसत्या "हां" म्हणत होत्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून भिंतीशी बसल्या होत्या.

वासंतीताई छोट्या पांढऱ्या गाडीतून आल्या. कुत्रं गादीवर बसलं होतं खरं, पण बंद दाराकडं तोंड करून, आणि बारीक सुरात कुईकुई करत होतं.

"ब्रूनो! केवढा झालास रे!" वासंतीताईंनी त्याचं डोकं कुरवाळलं. "आणि कानाला काय झालं?"

"दारात अडकला," मी म्हणाले. "लाडात आला की पळतो घरभर."

"घरातच असतो ना?"

"बाहेर म्हणून जात नाही. त्याला मातीच आवडत नाही."

तेवढ्यात लांबून "ब्यां" ऐकू आलं. मग मामांचं ओरडणं. मग पुष्कळ पायांचा आवाज. मी बशी पुढं केली, "ताई, बिस्किट घ्या," आणि दार धाडकन उघडलं. चंद्री आत आली. तिच्या मागून अख्खा कळप. कुणी गादीवर चढलं, कुणी पडदा तोंडात धरला, एका करडानं वासंतीताईंच्या हातातलं बिस्किट नेलं. सगळ्यात मागं मामा, पटका सुटलेला.

"येत न्हाईत!" मामा धापा टाकत होते. "त्येच्याबिगर माळाला पाय टाकीत न्हाईत! आर्ध्यातनं माघारी—" मग त्यांना पाहुण्या दिसल्या. "बसा, बसा," मामा म्हणाले. बसायला जागा उरली नव्हती.

"शेजाऱ्यांच्या आहेत," मी म्हणाले.

"रत्नमाला, पुरे आता," वासंतीताई म्हणाल्या. "प्रत्येक फोटोत एक शेळी आहे. एका फोटोत तर ती तुझी गादी खातेय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच फोटोपासून. पण पिल्लू अंगानं भरत होतं, तोंडावर आनंद होता. म्हणून मी गप्प बसले."

"मग आज कशाला आलात?"

वासंतीताईंनी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी खांबाकडं बघितलं.

"माझ्या कार्डावरच्या नंबरावर आजींचा फोन आला होता," वासंतीताई म्हणाल्या. "म्हणाल्या, माझ्या दगडूला हितनं घेऊन जावा."

"कोन दगडू?" मामांनी विचारलं.

कुणालाच उत्तर द्यावं लागलं नाही. नाव ऐकताच कुत्रं शेळ्यांमधून वाट काढत उठलं, आत्यांपाशी गेलं आणि रोजची जागा असल्यासारखं त्यांच्या मांडीवर डोकं टेकून बसलं. आत्यांचा हात आपोआप त्याच्या कानामागं गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही सगळे बघतोय.

"गोचिड्या बघतीया," आत्या म्हणाल्या.

कुणीच हसलं नाही. आमच्याकडं दगडू, धोंडू अशी नावं कुणाला ठेवतात हे मला माहीत होतं. जे लेकरू जाईल अशी आईला धास्ती असते, त्याला. दगडाला कोण दृष्ट लावणार, दगडाला कोण नेणार, म्हणून.

"आत्या, तुम्हीच?" मला राग आवरेना. "ज्यासाठी आणलं ते काम त्यानं केलं! कळप वाचला! आणि तुम्ही त्याला घालवून द्यायला निघालात?"

"केलं म्हनूनच!" आत्यांचा आवाज फुटला. "मधी जाऊन हुबा ऱ्हायला गं त्यो. पळंना. मीच त्येला चंद्रीखाली घातला, मीच त्येला शेरडाचा केला. आज कान गेला, उद्या मान जाईल. मला न्हाई बघवायचं, रत्ने. हितनं जाऊ दे. शेरडं गेली तर जाऊ देत."

त्या लहान मुलासारख्या रडायला लागल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला, पण कुत्रं जाणार हे काही मला सोसत नव्हतं. "नेऊ नका, ताई," मी म्हणाले. "मी पुन्हा एकही खोटं बोलणार नाही." हेही खोटंच होतं, पण मनापासून होतं.

वासंतीताई उठल्या आणि त्यांनी पर्समधून पट्टा काढला. "आजी म्हणतात ते बरोबर आहे. पुण्यात एक बंगला आहे, चांगली माणसं आहेत. सुखात राहील."

दगडू त्यांच्या मागून गाडीपाशी गेला. आम्हा तिघांच्या चोरट्या लाडांनी त्याला माणसावर विश्वास टाकायला शिकवलं होतं. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि तो शहाण्यासारखा आत चढून बसला. मामांनी पटका डोळ्यांवर ओढला.

दार लावायला वासंतीताई वळल्या, आणि चंद्रीनं त्यांच्या हाताखालून गाडीत उडी मारली.

"अगं! ए! उतर!"

तिच्या मागून कळप आला. दोन करडं गाडीच्या टपावर चढली, एक बोकड पुढच्या काचेसमोर उभा राहून वायपर चावायला लागला. वासंतीताईंनी चंद्रीचं शिंग धरून तिला खाली ओढलं, तशी ती ओरडली.

आणि कुत्रं गुरगुरलं.

वर्षभरात पोस्टमनवर न गुरगुरलेलं ते कुत्रं. आवाज मोठा नव्हता. ते सीटवरून उठलं आणि चंद्रीच्या आणि वासंतीताईंच्या मधे उभं राहिलं, ओढ्यात राहिलं होतं अगदी तसं. वासंतीताईंनी शिंग सोडलं. ज्या हातानं त्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, तो हात तसाच हवेत राहिला.

"बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बरं बाबा. तुला दत्तक कुणी घेतलंय ते कळलं मला." मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "मामा, याची मान वाचवायला काहीच करता येत नाही का?"

"येतंय की," मामा म्हणाले. "खिळ्यांचा पट्टा असतोय, लोखंडाचा. आमचा लोहार करून देतोय. लांडग्याचं तोंडच बसत न्हाई मानंवर."

"मग इतके दिवस का नाही घातलात?"

मामांनी एकदा आत्यांकडं चोरून बघितलं. "पट्टा घालाय हात लावाय लागतोय की," ते म्हणाले. "मापबी घ्याय लागतंय. हात लावायची तर बंदी हुती."

वासंतीताईंनी आमच्या तिघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं. मला वाटलं आता त्या ओरडणार. आत्यांनी पदरानं तोंड पुसलं, तरातरा घरात गेल्या, सुतळी घेऊन आल्या, आणि सगळ्यांसमक्ष कुत्र्याच्या गळ्यात हात घालून मानेचं माप घेतलं. सुतळीला गाठ मारून ती मामांच्या हातात दिली. "जावा. आत्ताच्या आत्ता. भट्टी चालू असंल."

मामा पटका बांधत निघाले. मी शेळ्या उतरवायला लागले. टपावरून, सीटवरून, एकेक. वायपर काही मिळाला नाही. कळप खाली आला तसं कुत्रंही उतरलं आणि चंद्रीच्या शेजारी धुळीत बसलं. आता वासंतीताई निघतील म्हणून मी वळून बघितलं, तर त्या तशाच कुर्त्यानिशी त्याच्यापाशी धुळीत बसल्या होत्या. दोन्ही हात त्याच्या गळ्यात, तोंड त्याच्या मानेच्या केसांत, आणि खांदे हलत होते.

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय करताय वो बाई?"

वासंतीताईंनी तोंड वर केलं नाही. आतूनच म्हणाल्या, "गोचिड्या बघतेय."

"सापडली का एखादी?" आत्यांनी विचारलं, आणि लुगडं सावरून त्याही खाली बसल्या आणि दुसऱ्या कानामागं बघायला लागल्या.